अँड सन्स

पाटी जिन्यात अडकली ती अडकलीच. खालून मामा ढकलत होते, वरून थोरला ओढत होता, आणि मधल्या वळणावर धाकटा, वहीत जपून ठेवलेल्या पानासारखा, भिंत आणि पाटी यांच्यामध्ये चपटा होऊन उभा होता.

"अरे, खालीच ठेवा ना ती," सासूबाई ओरडल्या. "पाटी दुकानावर लावतात. वरच्या खोलीत कोण गिऱ्हाईक येणार आहे?"

"सगळ्यांना एकदम दाखवायची आहे," बाबांनी टेबलावरूनच फर्मान काढलं. "मामा, जोर लावा!"

"जोर लावला तर धाकटा जाईल, दाजी."

"मग बेताने लावा."

थोरली सून दारात उभी राहून गंमत बघत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या पाटीवर काय लिहिलंय हे घरात तिघांनाच माहीत होतं. बाबांना, तिच्या नवऱ्याला आणि तिला. खरं तर मजकूर तिच्याच पसंतीचा. आठवडाभर तिने नवऱ्याच्या कानाशी भुणभुण केली होती, की जे करायचं ते आत्ताच करून घ्या, बाबांचा हात थरथरायला लागलाय, उद्याचं कोणी बघितलंय. नवऱ्याने ती भुणभुण बाबांच्या कानात ओतली आणि बाबांना तो आपलाच विचार वाटला. घराची राजनीती अशी मुरवावी लागते.

निमित्तही तसं जोरदार होतं. पाणीपुरवठा खातं आपल्या सगळ्या पंपांचं वर्षभराचं काम या दुकानाला द्यायला निघालं होतं, आणि त्यांची अट एकच होती. एकट्या म्हाताऱ्या माणसाचं दुकान चालणार नाही, पक्की भागीदारी हवी. उद्या सोमवारी सगळ्यांनी सह्या करायला जायचं होतं.

दुकान घराच्या खालीच. जळलेल्या मोटरी यायच्या, त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसली जायची, नवी तांब्याची तार भरली जायची, वार्निश पाजून भट्टीत वाळवली जायची, आणि मेलेली मोटर पुन्हा घुमायला लागायची. वार्निशचा वास घरातल्या उशांनासुद्धा होता. बाबा दुकानाला कारखाना म्हणत. बाकीचे बाबांसमोर कारखाना म्हणत.

एकदाची पाटी वर आली. धाकटा बाहेर पडला, अंग झटकून थेट स्वयंपाकघरात पळाला, कारण रविवारचं जेवण त्याचं आणि भाताखाली जाळ होता. वरच्या खोलीतलं टेबल म्हणजे केबलचा मोठा लाकडी ड्रम, आडवा टाकून वर काच ठेवलेला. टेबल गोल, पण गोल टेबलालाही बाबांनी डोकं शोधून काढलं होतं. खिडकीकडची बाजू त्यांची. तिथे बसून त्यांनी मान हलवली आणि थोरल्याने वर्तमानपत्र फाडलं.

निळ्या पाटीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत बाबांचं आडनाव. त्याखाली, लाल रंगात, जरा कललेलं आणि ऐटबाज: अँड सन्स.

"वा!" मामा म्हणाले. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. नात्यातल्या कुठल्याही वाटणीला त्यांना पंच म्हणून बोलवत, कारण त्यांचं मत ठाम असे आणि ज्याने शेवटचं वाढलं त्याच्या बाजूने असे. "काय अक्षर आहे! लांबून दिसेल."

तोवर पानं वाढून झाली होती आणि ताई जेवायला बसली होती. ती बाबांची सगळ्यात मोठी मुलगी, चाळिशी ओलांडलेली, बोटांना तांब्याचा लालसर रंग कायमचा चढलेला. दुकानात तार भरायची ती तीच. तिला बघायला आलेल्या शेवटच्या स्थळाने गप्पांत आपला टेबलफॅन बिघडल्याचं सांगितलं होतं. ताईने तो मागवून घेऊन दुरुस्त करून दिला, आणि फॅन आणि स्थळ दोन्ही सुस्थितीत परत गेले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नव्हता.

तिने पाटीकडे पाहिलं, घास गिळला.

"छान आहे," ती म्हणाली. "मग मी परवापासून पुलापलीकडच्या पंपवाल्याकडे जाते. तो कधीचा बोलावतोय. उद्याचा दिवस हातातलं काम संपवते."

"म्हणजे काय?" बाबा म्हणाले. "तुला इथे काय कमी आहे? कोणी काही बोललं?"

"कोणीच नाही."

"मग? घर तुझं, दुकान तुझं."

"पाटीवर सन्स लिहिलंय, बाबा. मला इंग्रजी थोडंच येतं, पण तेवढं येतं."

"अगं, ती म्हणायची पद्धत असते! तू तर घरचीच आहेस."

"घरचीच म्हणजे फुकटची," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, तेच थोरलीला टोचलं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. शांत माणसाने आधीच ठरवलेलं असतं.

थोरल्याने घसा खाकरला. तो बाहेरची कामं बघायचा, विहिरीत उतरून पंप बसवायचा, माणूस सरळ होता, पण बोलताना आपण कुठे निघालोय हे त्याला पोचल्यावर कळायचं. "ताई, हे कागदापुरतं आहे. खात्याला दोन नावं लागतात. आम्ही दोघं भाऊ आहोत, म्हणून दोघांची टाकली. तीन लागली असती तर..."

"तर मामांचं टाकलं असतं," ताई म्हणाली.

"माझं?" मामा खूश झाले. "माझी हरकत नाही."

"माझं काढा!" स्वयंपाकघरातून धाकटा ओरडला. डाव हातात घेऊन तो दारात आला. "मी खरंच सांगतो, बाबा. माझं नाव काढा, ताईचं घाला. मला मोटरींतलं काय कळतं? तुम्ही मला शाळेचा पंखा दिलात, मी तो उलटा जोडला. आठवडाभर पोरं घामाघूम आणि छताला वारा."

"शिकशील," बाबा म्हणाले.

"तीस वर्षांचा झालो. आता शिकलो तर लोकांना धोका आहे. मला पुढच्या खोलीत खानावळ काढू द्या. वर्कशॉपवाल्यांची रांग लागेल."

"मुलगा भांडी घासणार आणि मुलगी मोटरी भरणार! लोक काय म्हणतील?"

"वाढ म्हणतील," धाकटा म्हणाला आणि मामांच्या ताटात भाजी घातली.

"पोराचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, दाजी," मामा लगेच म्हणाले.

गाडी भलतीकडे निघाली हे थोरलीने ओळखलं. धाकट्याच्या जागी ताई आली, तर उद्या दुकान कोणाचं होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिला ताईविषयी वाकडं काही नव्हतं, उलट माया होती. पण माया एका खिशात आणि हिस्सा दुसऱ्या खिशात. तिने पदार्थाला चव आणावी तसा आवाजाला गोडवा आणला.

"ताई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? पाटीवर कोणी असो नाहीतर नसो. तुम्ही घरच्याच आहात. तुम्हाला आयुष्यभर आम्ही सांभाळू."

बाबांनी मान डोलावली. सून शहाणी आहे, असा भाव चेहऱ्यावर.

ताईने तिच्याकडे वळून पाहिलं. "माहीत आहे, वहिनी. तू सांभाळशीलही. पण तुला कोण सांभाळणार?"

"मला? हे आहेत की."

"आणि हा नसला तर?"

"ताई!" थोरला दचकला. "मी जेवतोय इथे."

कोणीतरी हसलं. थोरली मात्र हसली नाही. तिच्या कानात स्वतःचंच वाक्य परत फिरून आलं होतं, पण आवाज तिचा नव्हता. आवाज तिच्या काकाचा होता.

ही घरच्यांना तुकड्यातुकड्यात माहीत असलेली गोष्ट. तिचे वडील आणि आई मिळून शिवणाचं दुकान चालवायचे. कापायचे वडील, शिवायची आई, आणि गल्लीतली माणसं म्हणायची की शिवण बघावी तर त्यांच्याकडची. चांगलं चालायचं. पोरांना दूध असायचं, शाळेचे बूट असायचे. वडील तापाने गेले तेव्हा कळलं की दुकान वडील आणि काका यांच्या नावावर होतं. काकाने आईला सगळ्यांदेखत सांगितलं, "वहिनी, तू घरचीच आहेस. तुला आयुष्यभर आम्ही सांभाळू." आणि शब्द पाळला. स्वयंपाकघराचा कोपरा दिला. मशीन मात्र दुकानाचं, म्हणून ते दुकानातच राहिलं, आणि त्यावर शिवायला काकाने माणूस ठेवला. आईचे हात तेच, कसब तेच, गिऱ्हाईकही तेच. तरी हिवाळा यायच्या आत तिची पोरं दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालायला लागली. गरिबी थोरलीने पुस्तकात वाचली नव्हती. एका दुपारी ती दारातून आत आली होती आणि तिने येताना फार गोड शब्द वापरले होते.

इतक्या वर्षांत थोरलीने ते वाक्य काकाचं म्हणून कितीदा शिव्या घालत आठवलं होतं. आज ते तिने स्वतः, भाताचा घास हातात धरून, जसंच्या तसं म्हटलं.

"मी माझं बोलणं मागे घेते," ती म्हणाली.

"कुठलं?" नवऱ्याने विचारलं.

"आत्ताचं. आणि आठवडाभराचंही."

थोरल्याचा चेहरा बंद पडलेल्या पंख्यासारखा झाला, फिरत फिरत हळूहळू थांबत गेलेला. "अगं, पण तूच तर..."

"हो, मीच. मीच सांगितलं आणि मीच चुकले. बाबा, ताईंचं नाव पहिलं पाहिजे. तार त्या भरतात. दुकानात येणारं सगळं त्यांच्या बोटांमधून जातं. उद्या त्या पूल ओलांडून गेल्या तर खात्याचे पंप कोण भरणार? हे? यांना बोटात तार धरली की शिंका येतात."

"येतात," थोरल्याने कबूल केलं.

"आणि माझंही नाव पाहिजे," थोरली म्हणाली. हे ती बोलणार आहे हे तिलाही वाक्य संपल्यावरच कळलं.

आता मात्र बाबांनी ताट बाजूला सारलं. "तुझं? तू काय करतेस?"

"काउंटर कोण बघतं?"

"काउंटरवर बसणं म्हणजे काम नव्हे. फोन उचलायचा आणि नाव लिहायचं."

"फोनवर लोक काय बोलतात माहीत आहे तुम्हाला? लोक बोलतच नाहीत. लोक आवाज काढतात." तिने दोन्ही गाल फुगवले. "एक बाई रोज सकाळी फोन करून म्हणते, आमचा पंप असा करतोय," आणि थोरलीने असा काही घुर्रर्र आवाज काढला की मामांच्या हातातला पेला हिंदकळला. "मग मी विचारते, मध्ये अडखळतो की सलग ओरडतो? त्यावरून ठरवते, यांना पाठवायचं की मोटर इथे मागवायची. उगाच एक फेरी झाली की अर्धा दिवस गेला."

"खरं आहे," थोरला पुटपुटला, आणि बाबांनी पाहिल्यावर भाताकडे बघायला लागला.

"माझ्या घरचा पंप बघ बरं," मामा उत्साहाने पुढे सरकले. त्यांनी डोळे मिटले आणि खोल छातीतून सुरुवात केली. "खर्रर्र... ट्यँक. खर्रर्र... ट्यँक ट्यँक."

"ट्यँक सुरू करताना जास्त की चालताना?" थोरलीने विचारलं.

"चालताना. हे असं." मामांनी पुन्हा काढून दाखवला. स्वयंपाकघरातून धाकट्याने त्याला पातेल्यावर ताल दिला.

"बेअरिंग," थोरली म्हणाली.

"बेअरिंग," त्याच क्षणी बाबाही म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते त्यांनी पाणी पिऊन लपवलं. पण पाणी पिऊन झाल्यावर ते पुन्हा तसेच ताठ झाले. "ते ठीक आहे. पण हे दुकान मी उभं केलं. एका पत्र्याच्या शेडमध्ये, या दोन हातांनी. कोणाचं नाव घालायचं ते मी ठरवीन."

"दोन?" सासूबाई म्हणाल्या.

पाटी उघडल्यापासून त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. वाढत होत्या, ऐकत होत्या, मामांचं ताट आणि बाबांचा पेला सांभाळत होत्या. आता त्यांनी पातेलं खाली ठेवलं.

"चार हात होते, अहो. शेडमध्ये तुम्ही मोटर उघडायचात आणि कॉइल मी गुंडाळायचे. ताई पोटात होती तेव्हाही गुंडाळल्यात. पोट टेबलाला लागायचं म्हणून तिरकी बसायचे."

"ते मी कुठे नाही म्हणतो? तू मदत..."

"मदत पाहुणे करतात. मी काम करत होते." सासूबाई खुर्चीवर बसल्या. सगळे जेवत असताना त्या बसल्या, हेच घरात नवीन होतं. "आणि मला तर आता सुट्टी हवी आहे. तुम्हाला डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, सगळे हळहळले, बाबा रिटायर होणार, बाबा रिटायर होणार. मला कोणी रिटायर करत नाही. कसं करणार? मला कधी कामावर घेतलंच नव्हतं."

मामा घास तोंडात तसाच ठेवून बहिणीकडे बघत राहिले. त्यांना कोणी वाढलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "दाजी, ताईचं बरोबर आहे." सासूबाई त्यांची ताई. पंच म्हणून त्यांनी आयुष्यात फुकट दिलेला हा पहिला निकाल.

बाबा उठले. कोणाकडे न बघता जिना उतरून खाली गेले. खालून शटर वर सरकल्याचा आवाज आला.

"रागावले," थोरला म्हणाला.

"मी जाते," ताई उठायला लागली.

"तुम्ही बसा," थोरली म्हणाली. "आज पेटवलं मी आहे."

खाली बाबा ताईच्या स्टुलावर बसले होते. समोर अर्धवट भरलेली मोटर, तिच्या खाचांमधून तांब्याचे वेढे एकमेकांना चिकटून झोपलेल्या पोरांसारखे. बाबांनी एक तार उचलून खाचेत बसवायला घेतली होती, पण हात थरथरत होता आणि तार जागेवर जाईना. थोरली शेजारी उभी राहिली. मदत करावी की नाही हे तिला कळेना, म्हणून तिने काहीच केलं नाही.

"तुझ्या काकाने तुझ्या आईला काय सांगितलं होतं?" बाबांनी विचारलं. "मघाशी तू बोलता बोलता पांढरी पडलीस. मला तेव्हाच आठवलं. तुझ्या लग्नाच्या वेळी तुझी आई बोलली होती काहीतरी."

थोरलीने सांगितलं. शब्द न् शब्द.

बाबांनी तार खाली ठेवली. "मीही तेच म्हटलं की मघाशी. घरचीच."

"तुम्ही मनापासून म्हटलंत."

"त्यानेही मनापासूनच म्हटलं असेल." बाबांनी मोटर जरा पुढे सरकवली. "मला वाटायचं, मुलांच्या नावावर केलं की घर सुरक्षित झालं. भिंतीसारखं. मुलगे म्हणजे भिंती. पण भिंत पडली तर आतल्यांनी काय करायचं, हे मी कधी... आणि लोक हसतील गं. म्हणतील, दोन मुलगे असून म्हाताऱ्याने सुनेला बसवलं."

"हसू दे. हसून झालं की पंप घेऊन आपल्याकडेच येतील. पुलापलीकडे ताई नसणार आता."

बाबांना हसू आलं. या खेपेला लपवायला पाणी नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी निकाल उभ्यानेच सांगितला, म्हणजे कोणाला वाद घालायला वेळ मिळू नये. भागीदार चार. ताई, थोरला, थोरली आणि सासूबाई. सासूबाईंनी काम करायचं नाही, हिस्सा घ्यायचा, कारण काम त्यांनी आधीच करून ठेवलंय. धाकट्याला पुढची खोली, सहा महिने चालवून दाखव. ताईने एक अट घातली. हाताखाली शिकायला गल्लीतल्या दोन बायका घेणार आणि त्यांना पहिल्या दिवसापासून पगार. बाबांनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाले.

"आणि पाटी?" मामांनी विचारलं. "इतकी वर चढवली आपण."

"उतरवा," सासूबाई म्हणाल्या. "उतरताना सोपी जाते."

सगळे पाटी उतरवायला लागल्यावर थोरला गच्चीच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. थोरली मागोमाग गेली. नवऱ्याचा रुसवा तिला पाठीवरून ओळखता येई.

"तू माझ्या बाजूची होतीस," तो म्हणाला.

"अजून आहे."

"माझा अर्धा होता. आता पाव राहिला."

"आणि माझा पाव."

तो मनातल्या मनात बेरीज करत असल्याचं तिला दिसत होतं. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे आपला अर्धाच की!"

"तुमचा पाव आणि माझा पाव."

"तेच ते."

"तेच नाही."

खाली पाटी पुन्हा जिन्यात अडकली होती आणि धाकटा कुठूनतरी बारीक आवाजात ओरडत होता.

"मला काही झालं असतं," थोरला म्हणाला, "तर धाकट्याने तुला बाहेर काढलं असतं, असं वाटलं तुला? आपला धाकटा?"

"नाही हो. जेवायला वाढलं असतं रोज, आणि चांगलं वाढलं असतं." ती त्याच्या शेजारची पायरी पायाने झाडायला लागली. "माझा काकाही वाईट माणूस नव्हता. रोज सकाळी आईला विचारायचा, वहिनी, चहा घेतलास का."

थोरला तिच्याकडे बघत राहिला. विहिरीत दोर लावून उतरणारा तो गडी, पण आत्ता त्याला तळ दिसला असावा. त्याने खिशातून फोन काढून तिच्यापुढे धरला.

"तुझ्या आईंना सांग. तूच सांग. मी बोललो तर रडेन आणि त्यांना वाटेल काहीतरी वाईट झालं."

तिची आई आता दुसऱ्या गावात एका खोलीत राहायची, लोकांचे कपडे लांब-आखूड करून द्यायची. फोन लगेच उचलला. थोरलीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, उद्याच्या सह्या, चार नावं, आपलं तिसरं. पलीकडे शिवणाची टकटक चालू होती, ती थांबली.

"तुझं नाव? नुसतं तुझं?"

"नुसतं माझं, आई."

"म्हणजे उद्या तुला तिथून कोणी ऊठ म्हणू शकत नाही?"

"नाही."

आई म्हणाली, "मग उभी का आहेस? आवाजावरून कळतंय मला. बस."

थोरली बसली.